वागळे इस्टेटच्या गाळ्यात प्रदर्शन: मे ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

४ मे, रविवार

किल्ली मिळाली. पहिला मजला, ६२० चौरस फूट, आधी लेथचं वर्कशॉप होतं. भाडं २६,०००, डिपॉझिट एक लाख, करार अकरा महिन्यांचा. आम्ही चौघं आहोत: एक प्रिंटमेकर (ठसे कोरून चित्रं छापतो), एक शिल्पकार, एकजण आवाजाचं काम करतो, आणि मी. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात रंगवते. गॅलरी म्हणायची अजून कुणाचीच जीभ रेटत नाही, म्हणून सगळे 'गाळा'च म्हणतो.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं जातात. मिळाली तरी ठाण्याहून काळा घोड्यापर्यंत टेम्पो, हमाल, फ्रेमा आणि आठवडाभर रोजची ये-जा. चौघांचा हिशेब केला तेव्हा त्या पैशांत इथलं काही महिन्यांचं भाडं निघतंय असं दिसलं. तो हिशेब किती चुकला ते पुढे येईलच.

ही वसाहत एमआयडीसीची, १९६२ पासूनची. आमची इमारत तितकी जुनी नसली तरी तरुणही नाही. खाली प्रिंटिंग, शेजारी रबराचे भाग, वरच्या मजल्यावर पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्यातून ठोक्यानं तुकडे कापणारं मशीन, तिथे वॉशर पडतात. सुट्टी शुक्रवारी. हे सगळं आज नुसतं टिपून ठेवलं. खरं तर करारावर सही करण्याआधी टिपायला हवं होतं.

१० मे, शनिवार

जमीन. वर्षानुवर्षं लेथचं तेल पिऊन सिमेंट काळं झालंय. कॉस्टिक सोडा टाकून दोन दिवस घासलं, धुतलं, पंखे लावून सुकवलं. वर राखाडी फ्लोअर पेंटचे दोन हात. एकूण ६,४००. दिसायला झकास.

१८ मे, रविवार

भिंती. जुना चुना खरवडून पुट्टीचे दोन हात, प्रायमर, पांढरं मॅट इमल्शन. मजुरी धरून ११,३००. पश्चिमेची २४ फुटी भिंत बाहेरच्या अंगाला आहे, तीच आमची मुख्य भिंत. पेंटरदादा म्हणाले, ओल दिसत नाही. उन्हाळ्यात ती कशी दिसेल, हे कुणी विचारलंच नाही. पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे सुकायला तीन आठवडे मिळतील, असा आमचा हिशेब.

२७ मे, मंगळवार

काल पाऊस आला. वळवाचा नाही, खरा मोसमी. २६ मे ही मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याची आजवरची सगळ्यात लवकरची तारीख आहे म्हणे. वळवाच्या सरी तर महिनाभर पडतच होत्या.

पश्चिमेच्या भिंतीला फोड आलेत. सगळ्यात मोठा ताटाएवढा. बोटानं दाबला तर मऊ लागतो, आत थंड पाणी खेळतं. टोचल्यावर रंग सायीसारखा सोलून आला, त्यामागे पुट्टीचा चिखल आणि विटेवर पांढरा लोणा. प्रिंटमेकरनं तो बोटाला लावून चाखला. "खारट आहे," म्हणाला. एवढंच संशोधन आम्ही केलं.

चूक साधी आहे. बाहेरून पाणी पिणाऱ्या भिंतीला आतून कितीही चांगला रंग द्या, पाणी वाट काढतंच आणि रंगाला ढकलून देतं. ओलीचा इलाज बाहेरून असतो. ११,३०० गेले.

त्यातच दारापाशी जमिनीचे पोपडे निघताना दिसले. सिमेंटच्या पोटातलं तेल वर आलं. जमिनीचे ६,४०० ही गेले.

१ जून, रविवार

मालकांना फोन केला. बाहेरून वॉटरप्रूफिंग करायचं तर परांची बांधायला हवी, पावसात कोण बांधतंय? दिवाळीनंतर बघू, म्हणाले. त्यांचंही चूक नाही.

जमिनीचं आजच ठरवलं: राहिलेला पेंट खरवडायचा आणि काळं सिमेंट तसंच ठेवायचं. शिल्पकार पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होती. नोंदीत लिहून ठेव, असा तिचा आग्रह होता. ठेवलं.

भिंतीचा निर्णय: जुन्या भिंतीला हात लावायचा नाही. तीन इंच जागा सोडून पुढे दुसरी, खोटी भिंत. खाली एक इंच आणि वर दोन इंच मोकळं, म्हणजे मागे हवा फिरेल.

१५ जून, रविवार

जीआय चॅनेलचा सांगाडा आणि त्यावर जिप्सम बोर्डाच्या नऊ शीट. साहित्य, मजुरी मिळून १९,८००. सांधे भरले, रंग दिला. भिंत अशी सपाट की तिघं-चौघं गाल लावून बघत होते.

सुतारकाका काम बघायला सहज आले होते. बोर्डावर टिचकी मारून म्हणाले, "मागे प्लाय नाही टाकला?" जिप्समचे वेगळे फास्टनर मिळतात, असं आम्ही सांगितलं. काका काही बोलले नाहीत.

२२ जून, रविवार

बोलायला हवं होतं त्यांनी.

शिल्पकाराचं लाकूड आणि पितळेचं उठावकाम, वजन १४ किलो. छत्रीवाले फास्टनर दोन ठिकाणी लावून टांगलं. दहा मिनिटं राहिलं. चहा ओतत असताना 'कर्र' असा आवाज आला आणि दोन्ही फास्टनर वाटीएवढा जिप्सम घेऊन बाहेर. कामाचा खालचा कोपरा चेपला, जमिनीला खड्डा पडला, कुणाला लागलं नाही. फास्टनरच्या पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, पण ते काम भिंतीला चिकटून बसलं तर. उठावकामाचं वजन भिंतीपासून सहा इंच पुढे होतं, त्यामुळे ते बाहेर खेचत होतं.

तिघांचं म्हणणं, हलकीच कामं लावू. शिल्पकार तासभर कुणाशी बोलली नाही.

२९ जून, रविवार

सुतारकाकांना रीतसर बोलावलं. सगळा जिप्सम उतरवला, सांगाड्यावर १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, वर तोच जिप्सम पुन्हा. २४ फूट लांब आणि ९ फूट उंच भिंतीला प्लायच्या सात शीट लागल्या, २,९०० ची एक. मजुरी ६,५००. एकूण २६,८००. हेच आधी केलं असतं तर मजुरी एकदाच गेली असती. आता भिंतीत कुठेही स्क्रू मारा, धरतो.

काकांना विचारलं, त्या दिवशी का नाही सांगितलंत? "तुम्ही आर्टिस्ट लोक. मला वाटलं काहीतरी वेगळं असेल."

खालच्या फटीत पालीनं मुक्काम ठोकला होता. बारीक जाळी मारली.

६ जुलै, रविवार, आषाढी

दिवे. ट्रॅक आणि चौदा फिटिंग लोहार चाळीतून, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणले, सगळे ६५०० केल्विनचे, कारण दुकानदार म्हणाला 'भरपूर उजेड'. उजेड भरपूर होता. माझ्या चित्रातला गेरू त्यात मेल्यासारखा दिसला, प्रिंटमेकरची काळी शाई निळसर झाली आणि आम्ही चौघं रक्तदान करून आल्यासारखे. गाळा केमिस्टच्या दुकानासारखा झाला.

परत केले. दिव्यामागे शंभर कापले, १,४०० गेले. आता ३००० केल्विन, सीआरआय ९० च्या वरचे. दिवे आणि ट्रॅक १६,२००, वायरमन ४,०००. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात. दुकानात दुसरा आकडा विचारा, पहिला ते आपणहून सांगतात.

फोनच्या अॅपनं उजेड मोजू नये, तीन फोनांनी तीन आकडे दिले. एका फोटोग्राफर मित्राकडून मीटर आणलं. लक्स हे उजेड मोजायचं माप. कागदावरच्या कामांवर ५० लक्सच्या आसपास, कॅनव्हासवर २०० पर्यंत. ५० लक्स ऐकायला अंधार वाटतो, पण खिडकी झाकली की डोळे मिनिटभरात सरावतात. खिडकी न झाकता ५० लक्स ठेवलं तर काचेच्या फ्रेममध्ये समोरच्या गाळ्यातला टेम्पो दिसतो.

२० जुलै, रविवार

उद्घाटन १६ ऑगस्ट, शनिवारी. १५ ची सुट्टी जोडून, लोक मोकळे असतील. पाचशे कार्डं छापून आली, १,९००.

कार्ड बघून प्रिंटमेकरची आई म्हणाली, "त्या दिवशी ठाण्यात कोण कुठे जाऊ शकणार आहे?"

दहीहंडी. ठाण्यात राहणाऱ्या चार माणसांनी ठाण्यातल्या दहीहंडीच्या दिवशी उद्घाटन ठेवलं. पाचशे कार्डं रद्दी.

मग कालनिर्णय घेऊन बसलो. २७ ऑगस्टला गणपती, त्यानंतर अकरा दिवस कुणी येत नाही. ८ सप्टेंबरपासून पितृपक्ष. त्यात कुणी चित्र विकत घेत नाही, निदान घेतल्याचं सांगत नाही. उरला २३ ऑगस्ट. त्यावर पुन्हा आई: "अरे, शनी अमावास्या!" पंचांग बघितलं, अमावास्या सकाळी साडेअकराच्या सुमारास संपते. उद्घाटन संध्याकाळी सहाला. आई राजी. नवी कार्डं, पुन्हा १,९००.

सूझा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन १९४९ च्या जुलैत रॅम्पार्ट रोला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं होतं. म्हणजे पावसात प्रदर्शन लावण्याचा वेडेपणा आपल्याकडे जुनाच. फक्त त्यांना दालन आयतं मिळालं होतं.

२७ जुलै, रविवार

कामं निवडली. ४३ मधून १९. भांडणं झाली, ती इथे लिहीत नाही. उपयोगी पडलेली गोष्ट एवढीच: प्रत्येक कामाच्या मापाचं वर्तमानपत्र कापून भिंतीला चिकटवलं. मोबाइलवर जे मावत होतं ते भिंतीवर मावेना. भांडण कागदाशी करणं सोपं जातं.

३ ऑगस्ट, रविवार

माझं चित्र उघडलं. चार बाय तीन फूट, अॅक्रिलिक, वरचा अर्धा भाग गडद निळा. मी ते जूनमध्ये बबल रॅपमध्ये बांधून ठेवलं होतं, फुगे आतल्या बाजूला करून. दमट हवेत अॅक्रिलिक थोडं मऊ पडतं. सगळ्या निळ्यावर फुग्यांचे गोल उमटलेत. सारख्या अंतरावर, शिस्तीत, शेकडो. उजेड समोरून पडला तर दिसत नाहीत, तिरका पडला की माशाच्या खवल्यांसारखे चमकतात. बोट फिरवलं तर कडा जाणवतात.

बटर पेपर आधी, बबल रॅप नंतर, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते.

परत रंगवायला वेळ नाही. तसंच लावायचं, दिवा समोरून.

१० ऑगस्ट, रविवार

टांगणी. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, असं ठरलं. प्रत्येकाखाली टेप लावून ५८ मोजलं, खुणा केल्या, सात कामं लावली. लांबून बघितलं तर रांग उजवीकडे उतरतेय. पुन्हा मोजलं, बरोबर ५८. पुन्हा बघितलं, उतरतेय.

सुतारकाकांनी पाणसळ जमिनीवर ठेवली. वर्कशॉप धुवायला सोपं जावं म्हणून जमिनीला मोरीकडे उतार दिलाय. २४ फुटांत दीड इंच. आम्ही वाकड्या जमिनीवरून अचूक मोजत होतो. काकांनी नळीत पाणी भरून दोन टोकांना खूण केली, रंगाच्या दोऱ्यानं रेघ मारली आणि म्हणाले, आता जमीन विसरा, या रेघेवरून मोजा. सातही पुन्हा लावली. त्यात दुपार गेली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शाळेतून थेट इथे. अकरा फ्रेमा तिरक्या. सगळ्या सरळ केल्या. तासाभरात पुन्हा तीन तिरक्या. आधी वाटलं, कुणीतरी मस्करी करतंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरचे प्रेस ऑपरेटर काका डबा घेऊन डोकावले. मी फ्रेम सरळ करत होते. हसून म्हणाले, "आमची मशीन करते ते." वर प्रेसचा प्रत्येक ठोका खालच्या स्लॅबला आणि सांगाड्याला बसतो. फ्रेमच्या मागे तार, तार एका खिळ्यावर. ठोक्यागणिक तार केसाएवढी सरकते. दिवसभरात किती ठोके, ते त्यांनाच विचारलं. "पीस मोजतो, ठोके नाही," म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मशीनच्या पायाखालच्या रबराचे कापलेले तुकडे आणून दिले. तारा काढल्या, प्रत्येक फ्रेमला दोन डी-रिंग, दोन स्क्रू, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रबर. एका कामाला वीस मिनिटं. खर्च एक चहा, तोही त्यांनीच मागवला.

रबराचा दुसरा फायदा नंतर कळला: फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागे ओल धरत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आवाजाचं काम. एप्रिलमध्ये ऐरोलीच्या बाजूनं खाडीवर टिपलेले रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे आवाज, फार हलके, चिखलात चोची चालवतानाचे. घरी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. इथे फक्त धाड, धाड, धाड. आवाज वाढवला तर रोहित बदकांसारखे वाटायला लागले.

प्रेसचा आवाजच कामात घे, असं आम्ही तिघांनीही सुचवलं. तो वैतागला. "हे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं, म्हणून मी ते करणार नाही." बरोबर आहे त्याचं. ठरलं ते असं: एरवी दोन हेडफोन आणि स्टूल, शुक्रवारी इमारत बंद असते तेव्हा स्पीकर.

त्यावरून वेळाही बदलल्या. आधी सकाळी अकरा ते सात ठेवणार होतो, काळा घोड्याला असतात तशा. आता मंगळवार ते रविवार दुपारी चार ते नऊ, शुक्रवारी दिवसभर. कार्डावर जुनी वेळ आहे. पेनानं बदलतोय, पाचशे कार्डांवर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. शाळा बंद, सीएसएमटी ते ठाणे लोकलही बंद. मी चालत आले, गुडघाभर पाणी.

खिडकीच्या सरकत्या फ्रेममधून पाणी आत आलंय. खोट्या भिंतीच्या मागून उतरून खालच्या एक इंची फटीतून पुढे. भिंतीवरचं काहीही भिजलं नाही. ज्या भिंतीवर ४६,६०० गेले ती आज कामाला आली. भिजलं ते जमिनीवर टेकवून ठेवलेलं: प्रिंटमेकरचे तीन वुडकट, म्हणजे लाकडाच्या ठशावरून छापलेली चित्रं, उद्या लावायचे म्हणून फ्रेम करून आणलेले. एकाचा माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) खालून तीन इंच फुगला, कागदालाही पिवळी रेघ. दुसरी प्रत आहे, म्हणून वाचलो. जमिनीवर काहीही ठेवू नये, विटेवर ठेवावं, हे वाक्य आता दारावर लिहून लावलंय.

उतार मोरीकडे होता, म्हणून पाणी साचलं नाही. दहा तारखेला ज्या उताराला शिव्या घातल्या, तोच हा.

२३ ऑगस्ट, शनिवार

उद्घाटन झालं. वहीत ७४ सह्या. समोसे कमी पडले. दोन वुडकट गेले, प्रत्येकी २,५००.

एका बाईंनी माझ्या निळ्या चित्राजवळ वाकून विचारलं, हे गोल कोणत्या तंत्रानं केलेत? मी खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीत तीन दिवस मिळून नऊ माणसं. अपेक्षा होतीच. पण आज शुक्रवार, प्रेस बंद, खाडीचा आवाज स्पीकरवर. शेजारच्या गाळ्यांतले सहाजण सुट्टी असूनही आले होते, दोघं बायकामुलांना घेऊन. ऑपरेटर काका स्टुलावर पूर्ण अठरा मिनिटं बसले. नंतर म्हणाले, "इथे एवढं शांत असतं, हे माहीतच नव्हतं."

२१ सप्टेंबर, रविवार

उतरवलं. उद्या घटस्थापना.

हिशेब, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. जमीन ६,४००. पहिला रंग ११,३००. खोटी भिंत दोन खेपांत ४६,६००. दिवे वायरिंगसह २०,२००, बदलण्यात १,४००. कार्डं ३,८००. स्क्रू, जाळी आणि बाकी किरकोळ ५,५००, रबर फुकट. एकूण ९५,२००. पाच महिन्यांचं भाडं १,३०,०००. सरळ पाण्यात गेलेले २१,०००: जमीन, पहिला रंग, दिव्यांची कपात, पहिली कार्डं.

विक्री: सात वुडकट आणि शिल्पकाराचं एक छोटं काम १२,००० ला. एकूण २९,५००. त्यातले वीस टक्के, म्हणजे ५,९००, गाळ्याच्या डब्यात. भाडं अर्थात आम्ही पगारातून भरतोय. माझं निळं चित्र परत घरी, बटर पेपरमध्ये.

पुढचं प्रदर्शन दिवाळीनंतर, पाहुण्या कलाकाराचं. मालकांनी नोव्हेंबरात परांची बांधायचं कबूल केलंय, तेव्हा खिडकीही करून घ्यायची. भिंतीला ६१ भोकं आहेत. पुट्टीचा डबा अर्धा शिल्लक आहे, मे महिन्यातला, बघायला हवं सुकलाय का.